भुयारातलं घड्याळ आणि सोळा गुणांचं उत्तर

रेडिंग, इंग्लंड : इथे सोळाव्या वर्षी बरेचसे विषय सुटतात. जीसीएसई, म्हणजे आपल्या दहावीसारखी परीक्षा, झाली की बरीच मुलं तीनच विषय घेतात आणि दोन वर्षं तेवढाच अभ्यास करतात. हे ए लेव्हल. गणिताखालोखाल सध्या सगळ्यात जास्त गर्दी मानसशास्त्राला असते आणि त्या गर्दीत चारांतल्या साधारण तीन मुली. आपल्याकडे हा विषय घेतला की घरचे ‘आर्ट्सचा ना?’ असं विचारून गप्प होतात. इथे त्याच्या परीक्षेत किमान दहा टक्के गुण गणिती कौशल्यांना असतात. पाठ्यपुस्तकात मेंदूच्या आकृत्या आहेत, संप्रेरकं आहेत, संख्याशास्त्रीय चाचण्या आहेत. माझ्या मुलीचं पुस्तक उघडलं तेव्हा जीवशास्त्राचंच चुकून हातात आलं असं वाटलं होतं.

त्यात शरीराच्या लयींवर एक प्रकरण आहे. त्याचा नायक मिशेल सिफ्र. हा फ्रेंच भूगर्भशास्त्रज्ञ १९६२ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी, आल्प्समधल्या एका थंडगार भुयारात घड्याळाशिवाय उतरला. दोन महिने सूर्य दिसला नाही. झोपताना आणि उठल्यावर तो वर बसलेल्या सहकाऱ्यांना फोन करायचा. त्यांनी मात्र वेळ सांगायची नाही, असं ठरलेलं. सेकंदाला एक अशा गतीने १२० पर्यंत मोजायला सांगितलं, तर त्याला पाच मिनिटं लागली. १४ सप्टेंबरला बाहेर काढलं तेव्हा त्याच्या हिशेबाने २० ऑगस्ट चालू होता. मनाचा हिशेब असा कोलमडला, पण झोपेची लय टिकली: त्याचा दिवस चोवीस तासांहून जरासाच मोठा, साधारण साडेचोवीस तासांचा निघाला. म्हणजे घड्याळ आतच आहे आणि बाहेरचा उजेड त्याला रोज थोडंसं सारखं करतो.

गोष्ट इथे संपली असती तर मजा होती. पण परीक्षेतल्या मोठ्या निबंधाच्या सोळा गुणांपैकी माहितीला मिळतात सहा आणि मूल्यमापनाला दहा. म्हणून गोष्ट सांगून झाली की तिच्यातल्या त्रुटी काढायच्या. सिफ्रकडे भुयारात दिवा होता, तो त्याला हवा तेव्हा लावता येत होता. मग उजेडाचा परिणाम वगळला कसा म्हणायचा? आणि माणूस एकच, तोही भुयारात राहण्याची हौस असलेला. याच प्रकरणातलं दुसरं उदाहरण पाळीचं. १९७१ साली मार्था मॅकक्लिंटॉक या संशोधिकेने एका वसतिगृहातल्या १३५ मुलींच्या पाळीच्या तारखा पाहून त्या हळूहळू जवळ येतात असं मांडलं. ते जगभर इतकं पसरलं की आजही बायका ते अनुभवाच्या खात्रीने सांगतात. नंतरच्या अभ्यासकांना मात्र ते तसं सापडलं नाही. वेगवेगळ्या लांबीची चक्रं अधूनमधून आपोआपच जवळ येतात. सतरा वर्षांच्या मुलींना आपल्याच शरीराबद्दलची लाडकी समजूत अशी तपासायला लावणं मला फार आवडलं. फक्त, या शंकाही पाठ होतात. ‘नमुना लहान, निष्कर्ष सर्वांना लागू नाही’ हे वाक्य मुलं झोपेतही म्हणतील.

झोपेवरून आठवलं. याच प्रकरणात शिकवतात, की वयात येताना हे आतलं घड्याळ एक-दोन तास मागे पडतं. मुलं रात्री जागतात आणि सकाळी उठत नाहीत ते निव्वळ आळसाने नव्हे. हा धडा सकाळी नऊला, डिसेंबरच्या अंधुक उजेडातून चालत आलेल्या जांभया देणाऱ्या मुलांपुढे शिकवला जातो. उत्तर इंग्लंडमधल्या मंकसीटन शाळेने २००९ साली दहाला भरण्याचा प्रयोग केला, पण तो सर्वत्र पसरला नाही. आई-वडिलांची कामावर जायची वेळ आणि शाळेच्या बसचं वेळापत्रक मेंदूपेक्षा बलवान ठरतं. महाराष्ट्र सरकारने २०२४ साली चौथीपर्यंतचे वर्ग नऊच्या आधी भरवू नयेत असा आदेश काढला, तो वाचून मला बरं वाटलं. पण या पुस्तकाच्या हिशेबाने ती सवलत आठवी-नववीच्या मुलांना जास्त लागते.

याच पुस्तकातलं लिंगभावाचं प्रकरण मात्र ऐच्छिक आहे. नातेसंबंध, लिंगभाव, आकलनविकास यांतलं एक शाळेने निवडायचं. मानसशास्त्रज्ञ कोलबर्गच्या मते आपण मुलगा की मुलगी हे मूल दोनेक वर्षांचं असताना सांगू लागतं. पण कपडे-केस बदलले तरी लिंग बदलत नाही, हे कळायला ते सहा-सात वर्षांचं व्हावं लागतं. सँड्रा बेमने १९७४ साली साठ गुणविशेषांची प्रश्नावली केली आणि पुरुषीपणा नि बायकीपणा एकाच माणसात भरपूर असू शकतो असं दाखवलं. वर्गात ती भरून घेतात म्हणे, आणि मुलं निकालावरून आठवडाभर एकमेकांना चिडवतात.

सगळ्यात जड धडा डेव्हिड रायमरचा. कॅनडात १९६५ साली जन्मलेला हा जुळ्यांतला एक. सुंतेच्या वेळी झालेल्या इजेनंतर जॉन मनी या मानसशास्त्रज्ञाच्या सल्ल्याने त्याला मुलगी म्हणून वाढवलं. मनी हा प्रयोग यशस्वी म्हणून मिरवत राहिला. खरं कळल्यावर, चौदाव्या वर्षाच्या सुमारास, मुलाने पुन्हा मुलगा म्हणून जगायला सुरुवात केली. २००४ साली त्याने जीव दिला. इथे ‘नमुना लहान’ लिहूनही गुण मिळतात, आणि मला ते खटकतं.

हे शिकवताना शिक्षक जपून बोलतात, त्यालाही इतिहास आहे. कलम २८ नावाच्या १९८८ च्या तरतुदीने स्थानिक सरकारांना समलैंगिकतेचा ‘पुरस्कार’ करण्यास बंदी घातली होती. ती इंग्लंडमध्ये २००३ पर्यंत टिकली आणि त्या भीतीने वर्गांत बरीच वर्षं मौन पाळलं गेलं. आता वाद उलट बाजूने पेटलेत. मुलांच्या लिंगओळखीवरच्या उपचारांचा पुरावा कमकुवत असल्याचं बालरोगतज्ज्ञ हिलरी कॅस यांच्या अहवालाने २०२४ साली म्हटलं, तेव्हापासून पालक, डॉक्टर, पुढारी सगळेच तावातावाने बोलतात. मतभेदाचे राजकीय विषय वर्गात समतोलाने मांडावेत असं १९९६ चा शिक्षण कायदाच सांगतो.

माझ्या ओळखीच्या एका शिक्षिकेने यावर साधा नियम केलाय: मत सांगायचं तर आधी अभ्यास सांग, कोणाचा, कोणत्या वर्षीचा, किती जणांचा. मुलीने तो नियम जेवणाच्या टेबलावर आणला. तेव्हापासून आमच्या घरात मोठ्यांना फार बोलता येत नाही.