कार्ड चालते, पण उपचार कसे होतात?

मांडव्याच्या जेट्टीपासून अलिबागचे जिल्हा रुग्णालय सुमारे वीस किलोमीटरवर आहे. समोर मुंबई दिसते. पण पावसाळ्यात गेटवेच्या लाँच बंद असतात आणि भाऊच्या धक्क्याची रो-रो हवामानावर अवलंबून. अशा गावात कुणाच्या छातीत दुखू लागले की घरचे आधी विचारतात, ‘तिथे कार्ड चालते का?’ तिथे हृदयविकाराचे किती रुग्ण बरे होऊन घरी जातात, हे कुणी विचारत नाही. विचारले तरी उत्तर कुठे पाहायचे?

योजना रायगडला नवी नाही. 2 जुलै 2012 रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली, तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत रायगड होता. 2017 मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले, 2020 मध्ये केंद्राच्या आयुष्मान भारतशी ती जोडली गेली आणि जून 2023 मध्ये राज्यातील सर्व कुटुंबांना पाच लाखांपर्यंत संरक्षण देण्याचा निर्णय झाला.

योजनेत नोंदी भरपूर होतात. आरोग्यमित्र नाव नोंदवतो, पूर्वपरवानगी लागते, तपासण्यांचे कागद चढवावे लागतात. पण हा खटाटोप मुख्यतः बिलासाठी. तोही चोख नाही: आयुष्मान भारतवरील 2023 च्या ‘कॅग’ अहवालात सुमारे साडेसात लाख लाभार्थी एकाच मोबाइल क्रमांकाशी जोडलेले आढळले. आधीच मृत दाखवलेल्या रुग्णांच्या नावेही पुढे उपचार नोंदले गेले होते. जिथे रुग्ण जिवंत आहे की नाही याचीच नोंद भरवशाची नाही, तिथे जखमेत पू झाला का, महिन्याभरात पुन्हा दाखल व्हावे लागले का, हे कोण सांगणार?

अमेरिकेने हा पेच पैशाने सोडवला. ज्येष्ठांच्या ‘मेडिकेअर’ विम्यासाठी 2003 च्या कायद्याने रुग्णालयांना दहा निकषांची माहिती द्यायला सांगितली. हृदयविकाराच्या रुग्णाला आल्याबरोबर ॲस्पिरिन दिली का, हा त्यातला एक. माहिती न दिल्यास वार्षिक दरवाढीत 0.4 टक्के बिंदूंची कपात. सक्ती नव्हती, तरी बहुतेक सगळ्यांनी माहिती दिली! पुढच्या कायद्याने कपात दोन टक्के बिंदूंवर नेली.

मात्र नुसते मृत्यूचे आकडे छापणे घातक ठरेल. सरकारी रुग्णालयात रात्री दोन वाजता येणारा रुग्ण अनेकदा आधी दोन ठिकाणी फिरून, पैसे संपवून आलेला असतो. तो दगावला की मृत्यू सरकारी खात्यात जमा, आणि ज्यांनी त्याला पुढे पाठवले त्यांची पाटी कोरी. वय, मधुमेह, मूत्रपिंडांची स्थिती, उशीर हे सारे हिशेबात धरले नाही, तर आकडा सुधारण्याचा सर्वांत सोपा मार्ग एकच उरतो: गंभीर रुग्ण दाखलच करायचा नाही. म्हणून सुरुवात उपचारांच्या वेळेपासून करावी. छातीत दुखणाऱ्या रुग्णाचा ईसीजी दहा मिनिटांत निघाला का? गुठळी विरघळवणारे इंजेक्शन किती वेळात दिले? हे तालुक्याच्या रुग्णालयालाही मोजता येते, त्याला वेगळे यंत्र लागत नाही.

आपल्याकडे आयुष्मान भारतमध्ये एनएबीएच मानांकनासाठी दहा ते पंधरा टक्के जादा दर आहेत. पण मानांकन रुग्णालयाची व्यवस्था पाहते. रुग्णाचे पुढे काय झाले, हे गावाला त्यातून कळत नाही. केंद्राचा 2010 चा वैद्यकीय आस्थापना कायदा महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही. इथे 1949 चाच शुश्रूषागृह नोंदणी कायदा चालतो. त्याच्या नियमांत 2021 मध्ये रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावण्याची अट आली.

याच मांडवा परिसरात 1970 च्या दशकात जे. जे. रुग्णालयातील प्लास्टिक सर्जन डॉ. नोशीर अंतिया यांनी गावातल्याच स्त्रियांना आरोग्य कार्यकर्त्या म्हणून तयार केले होते. आरोग्यसेवेने लोकांना उत्तरदायी असावे, हा त्यांचा आग्रह होता. आज दरपत्रक भिंतीवर आले आहे. ईसीजीला लागणाऱ्या मिनिटांचा कागद त्याच्या शेजारी लावायला फार जागा लागणार नाही.