जिताडा गळाने धरूया, भाव आपण ठरवूया



गेल्या वर्षी होळीच्या आधी आपल्या खारेपाटातल्या एका गटाने आपलं तळं उक्तं विकलं. कर्जाचा हप्ता तोंडावर होता, तळ्यातलं पाणी उतरायला लागलं होतं. व्यापाऱ्याची माणसं सकाळी जाळं घेऊन आली आणि दोन-तीन तासांत तळं रिकामं करून गेली. दोन किलोचा जिताडा आणि पावकिलोचं पिल्लू एकाच टोपलीत, एकाच भावात गेलं. आपल्या बायका बांधावर उभ्या राहून बघत होत्या. हप्ता फिटला, पण दीड वर्ष राखण केलेल्या तळ्यातून बचतीत टाकायला काहीच उरलं नाही. त्याच आठवड्यात बाजारात एकेका जिताड्याला काय भाव मिळतो, ते त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं.

पुढच्या बैठकीत एक काकू म्हणाल्या, "आमचे सासरे पाहुणा आला की गळ घेऊन जायचे आणि एकच जिताडा आणायचे. आपण सगळं तळं एकदम का उपसतो?" हा लेख त्या प्रश्नातून आला आहे.

मी लातूरकडची. इथे येईपर्यंत गळ हातातही धरला नव्हता. पहिले तीन दिवस मी काकूंसोबत बांधावर बसले आणि तिन्ही दिवस आम्ही रिकाम्या हाताने परतलो. तेव्हा खाली जे लिहिते आहे, त्यातलं बरंचसं तुमच्यातल्याच आजी-काकूंनी शिकवलेलं आहे, थोडं पुस्तकातलं आहे.

गळच का?

जाळ्यात सगळं येतं, गळाला एक येतो. गिऱ्हाईक असेल त्या दिवशी, हवा तेवढाच मासा काढता येतो. बाकीचे पाण्यात वाढत राहतात.

दुसरं कारण त्याहून मोठं. जिताडा शिकारी मासा आहे. कोळंबी, बोईट, चिलापी जिवंत गिळतो, आणि आपल्याच जातीची लहान पिल्लंही सोडत नाही. आपल्या निम्म्या लांबीचं पिल्लू तो सहज गिळतो. म्हणून तळ्यात दोन-चार जिताडे पुढे वाढले की मागच्यांची संख्या गुपचूप घटत जाते. आपण म्हणतो चोरी झाली किंवा बगळ्याने नेले. कधी कधी ते खरंही असतं, पण बऱ्याचदा चोर तळ्यातच असतो. गळाला जिवंत, जरा मोठं आमिष लावलं तर बहुधा हेच मोठे आधी लागतात. मोठे काढले की मागचे वाचतात.

आधी पाणी बघा

काकूंचं पहिलं वाक्य हेच होतं, "पोरी, आधी पाणी बघ, मग गळ टाक."

तळ्यात: पहाट आणि दिवेलागणीची वेळ चांगली. जिताडा भर पाण्यात फिरत बसत नाही, आडोशाला दबा धरतो. बांधाची सावली, पाण्यात पडलेलं खोड, उघाडीच्या तोंडाजवळची खोल जागा, तिथेच गळ टाका. आदल्या दिवशी तळ्यात खाद्य टाकू नका, भुकेला मासा लवकर लागतो. पण ढगाळ रात्रीनंतर मासे पाण्याच्या वर येऊन तोंडाने श्वास घेताना दिसले, तर त्या दिवशी गळ ठेवून द्या. पाण्यात प्राणवायू कमी पडलेला असतो, मासा खात नाही. आधी ताजं पाणी आत घ्या. ऐन थंडीतही तो सुस्तावतो. तेव्हा ऊन चढल्यावर, पाणी जरा कोमट झालं की प्रयत्न करा.

खाडीत: इथे सगळा खेळ भरती-ओहोटीचा. पाणी उतरताना तिवरांतून आणि लहान ओहोळांतून कोळंबी, बारीक मासळी खाली वाहत येते. जिताडा ओहोळाच्या तोंडाशी वाट बघत असतो. म्हणून ओहोटीचा शेवट आणि नव्या भरतीची सुरुवात, हा तास-दीड तास सोन्याचा. भरती पूर्ण भरलेली असताना पाणी तिवरांत शिरतं, मासाही आत पांगतो. तेव्हा तासन्‌तास बसून काही मिळत नाही. आम्ही तीन दिवस नेमकं तेच केलं होतं.

तिथीचं गणित

भरतीची वेळ काढायला मोबाईल लागत नाही, भिंतीवरचं कॅलेंडर पुरतं. जुनी माणसं सांगतात, तिथीच्या आकड्याची पाऊणपट करा, पूर्ण भरतीची वेळ मिळते.

पंचमीला: ५ ची पाऊणपट पावणेचार. पहाटे आणि दुपारी पावणेचारच्या सुमारास भरती.
अष्टमीला: ८ ची पाऊणपट ६. सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास भरती.
पौर्णिमा किंवा अमावास्येला: १५ ची पाऊणपट सव्वाअकरा.

भरतीत सव्वासहा तास मिळवले की ओहोटी. वद्य पक्षात पुन्हा १ पासून मोजायचं. ही ढोबळ वेळ आहे. खाडीत जितकं आत जाल, तितकी भरती उशिरा पोचते. आपल्या गावात किती उशिरा, ते दोन-चार दिवस बघून वहीत लिहून ठेवा.

आता हिशोब करा. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास पूर्ण ओहोटी पहाटे आणि संध्याकाळी साडेपाचच्या आसपास येते. अंधूक उजेड आणि पालटतं पाणी दोन्ही एकदम मिळतं. पण ते उधाणाचे दिवस, पाण्याला ओढ जास्त. अष्टमीच्या आसपास भांग असतो, ओढ कमी आणि पाणी जरा निवळ. नवशिक्या बाईने भांगाच्या दिवसांत सुरुवात करावी.

सामान आणि आमिष

महागडी काठी लागत नाही. सरळ, चिवट बांबू किंवा नुसता हाताचा दोरही चालतो. पण तीन गोष्टींत काटकसर नको.

१. तंगूस जाड घ्या, आणि गळाजवळचा हातभर भाग आणखी जाड ठेवा. जिताड्याच्या कल्ल्यावरच्या झाकणाची कड ब्लेडसारखी असते. मासा डोकं झटकतो आणि बारीक तंगूस कापला जातो.

२. गळाचं टोक रोज तपासा. नखावर हलकेच टेकवा. घसरला तर बोथट, रुतला तर ठीक. बोथट गळ बारीक कानशीवर घासून घ्या.

३. आमिष जिवंत हवं. मेलेल्या कोळंबीकडे जिताडा सहसा बघत नाही. कोळंबीच्या डोक्यातला काळा ठिपका टाळून, शिंगाच्या खालून गळ ओवला तर ती बराच वेळ जगते. बोईट किंवा चिलापीचं पिल्लू असेल तर पाठीच्या वरच्या मांसातून ओवा, कण्याला लागू देऊ नका. आमिष बादलीत सावलीत ठेवा, पाणी अधूनमधून बदला.

लागला की काय करायचं?

जिताडा तोंड उघडून पाण्यासकट भक्ष्य आत ओढतो. कधी पाण्यावर "थप्प" असा आवाजही येतो. तो ऐकून हात झटकायचा मोह होतो. थांबा. जिवंत आमिष त्याला नीट गिळू द्या. दोर सरकायला लागला की मनात दोन-तीन अंक मोजा आणि मग ठामपणे ओढा. मी पहिले दोन मासे घाईत घालवले.

पुढे तो पाण्याबाहेर उडी मारतो आणि डोकं झटकतो. त्या वेळी काठी वर उचलू नका, पाण्याकडे झुकवा. दोर ढिला पडला तर गळ निसटतो, फार ताणला तर तुटतो. तो पळतो तेव्हा थोडं द्या, थांबतो तेव्हा घ्या. काकू म्हणतात तसं, हट्टी जावयाला समजवावं तसं. काठाशी आला की दोराने उचलू नका, दांड्याच्या जाळीत घ्या.

हाताचा दोर वापरत असाल तर तो बोटांना किंवा मनगटाला कधीच गुंडाळू नका. जुना सुती हातमोजा घाला. मासा कल्ल्यात बोट घालून धरू नका. पाठीवरचे काटेही टोचतात, वरून ओलं फडकं टाकून धरा. खाडीत एकटीने जायचं नाही. दोघी तरी हव्यात आणि घरी सांगून जायचं. भरती पाठीमागच्या ओहोळातूनही येते, परतीची वाट आधी बघून ठेवा.

कोणता ठेवायचा, कोणता सोडायचा?

बैठकीत हे सांगितलं तेव्हा खूप हशा पिकला होता. जिताडा वयात येतो तेव्हा आधी नर असतो. काही वर्षांनी, चांगला मोठा झाला की त्याची मादी होते! म्हणजे खाडीतले लहान जिताडे बहुतेक नर आणि थोराड जिताडे बहुतेक माद्या. पावसाळ्यात या मोठ्या माद्या खाडीच्या तोंडाशी अंडी घालतात, आणि आपण तळ्यात सोडतो ती पिल्लं त्यांचीच.

ऑस्ट्रेलियात याच माशाला बॅरामुंडी म्हणतात. तिथल्या क्वीन्सलँड राज्यात ५८ सेंटीमीटरपेक्षा लहान आणि १२० सेंटीमीटरपेक्षा मोठा बॅरामुंडी ठेवता येत नाही. लहान वाढावा आणि मोठ्या मादीने अंडी घालावीत म्हणून. आपणही गटात एवढं ठरवू शकतो. खाडीतला किलोच्या आतला मासा ओल्या हाताने लगेच सोडायचा, आणि पावसाळ्यात थोराड मादी लागली तर तिलाही. तळ्यातलं लहान पिल्लू तर सोडायचंच, ते आपलंच भांडवल आहे.

पैसा खरा इथे होतो

मासा पाण्याबाहेर तडफडत ठेवला की मांस सैल पडतं. काढल्याबरोबर डोक्यावर एक ठोका द्या, कल्ल्याखाली काप देऊन रक्त वाहू द्या, धुवा आणि बर्फात ठेवा. जेवढ्या वजनाचा मासा, तेवढ्याच वजनाचा बर्फ. थर्माकोलची पेटी पुरते. डोळे स्वच्छ, कल्ले लालभडक असा जिताडा गिऱ्हाईक घासाघीस न करता घेतं.

आणि आधी ऑर्डर, मग गळ. मात्र मासा लागेलच याची खात्री कुणाला नसते, म्हणून गिऱ्हाइकाला "उद्याच देते" असं सांगू नका, "शुक्रवार ते रविवारच्या आत देते" असं सांगा. शब्द मोडला की गिऱ्हाईक जातं.

वहीशिवाय हात बसत नाही

आपल्या पंचसूत्रीत दप्तर लिहिणं आहेच. त्याच वहीच्या मागच्या पानावर सहा रकाने आखा: तिथी, वेळ, जागा, आमिष, वजन, मिळालेला भाव. मासा लागला नाही तरी ओळ लिहायचीच, रिकामा दिवसही शिकवतो. आमच्या पहिल्या तीन रिकाम्या ओळींपुढे "भरती पूर्ण" असं लिहिलं होतं. ते वाचलं तेव्हा चूक कळली. चौथ्या दिवशी ओहोटीच्या शेवटी बसलो आणि सव्वा किलोचा लागला.

यंदा त्या गटाने तळं उक्तं दिलेलं नाही. आठवड्याला दोन-तीन जिताडे निघतात, कधी एकही निघत नाही. पैसा एकदम येत नाही, थोडा थोडा येतो. म्हणून हप्त्याची तारीख धरून दोन महिने आधीपासून मासे काढायला घ्या, पाणी उतरायची वाट बघू नका. तळं अगदी आटायला आलं आणि मासे उरले, तर शेवटी जाळं लावावंच लागेल. पण तोवर मोठे मासे आपल्या भावाने गेलेले असतील, आणि राहिलेल्यांचा सौदा करताना आपण अडलेल्या नसू.

पुढच्या बैठकीला येताना कॅलेंडर आणि वही दोन्ही घेऊन या. आपल्या खाडीची वेळ आपणच बसवूया.

तुमचीच,
क्षेत्र समन्वयक