लॅपटॉप घेताना : विंडोज, लिनक्स आणि ऐकीव समजुती

जव्हार-मोखाड्याच्या माणसाला लॅपटॉप घ्यायचा तर तो त्र्यंबकमार्गे नाशिकला जातो, नाहीतर विक्रमगड-मनोरवरून पालघर किंवा मुंबईकडे. घेतलेली वस्तू बदलायची म्हटली की पुन्हा एसटी, पुन्हा दिवसाची खोटी. म्हणून दुकानदार "विंडोज मारून देऊ ना?" असं विचारतो, तेव्हा मान डोलावण्याआधी थोडं माहीत असलेलं बरं. इथल्या अनेक घरांत कॉम्प्युटर पहिल्यांदाच येतो आहे, तोही घरातून पहिल्यांदाच कॉलेजात जाणाऱ्या मुलीसाठी. तिचं यंत्र ऐकीव गोष्टींवर निवडलं जावं हे मला पटत नाही.

"सरकारी कामं विंडोजशिवाय होत नाहीत."

बहुतेक होतात. सातबारा, महाडीबीटीवरचा शिष्यवृत्तीचा अर्ज, 'आपले सरकार'वरचे दाखले, शिक्षकांचं शालार्थ आणि यू-डायस प्लस हे सगळं ब्राउझरमध्ये चालतं. क्रोम आणि फायरफॉक्स विंडोजवर आहेत तसेच लिनक्स या फुकट मिळणाऱ्या प्रणालीवरही आहेत.

पण जिथे अडतं तिथे पक्कं अडतं. आधारसाठी अंगठा घेणारं यंत्र, डिजिटल सहीचं टोकन, टॅली, श्रीलिपी, फ्लेक्सवाल्यांचं कोरल ड्रॉ, या गोष्टी मुख्यतः विंडोज डोळ्यांसमोर ठेवून बनवलेल्या आहेत. लिनक्सवर त्यातलं काही खटपटीने जुळवता येतं, काही जुळत नाही. प्रिंटरचंही तेच. एचपीचे बरेचसे प्रिंटर लिनक्स लावल्याबरोबर ओळखतं. झेरॉक्सच्या दुकानांत सर्रास दिसणारा कॅननचा एलबीपी २९०० मात्र तिथे चालवणं जिकिरीचं आहे. तेव्हा मुलाला पुढे सेवा केंद्र काढायचं असेल, हिशेब लिहायचे असतील किंवा छपाईची कामं घ्यायची असतील, तर सरळ विंडोज घ्या. नुसता अभ्यास, अर्ज, व्हिडिओ आणि पत्रं एवढंच काम असेल, तर दोन्ही रस्ते मोकळे आहेत.

"विंडोज मारलं की जुना लॅपटॉप नव्यासारखा."

सगळ्यात जास्त पैसे इथे बुडतात. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणि तशा बाजारांतून कंपन्यांनी काढून टाकलेले लॅपटॉप स्वस्तात मिळतात. यंत्रं दणकट असतात, घ्यायला हरकत नाही. पण त्यांतल्या अनेकांवर विंडोज १० असतं आणि विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. मायक्रोसॉफ्टने घरगुती वापरासाठी सुरक्षा अपडेटची एक वर्षाची जादा मुदत दिली, तीही नाव नोंदवणाऱ्यालाच.

विंडोज ११ प्रत्येक यंत्रावर रीतसर चढत नाही. त्याला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते, आणि इंटेलचा प्रोसेसर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा लागतो. हे दुकानातच तपासता येतं. प्रोसेसरचं नाव वाचा. आय-५ पुढे ८२५० असेल तर पिढी आठवी, ६३०० असेल तर सहावी. सहाव्या पिढीच्या यंत्रावर दुकानदार आडवाटेने विंडोज ११ घालून देईल, ते चालेलही. पण अशा यंत्राला पुढची अपडेट मिळतीलच, याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. शिवाय 'फुकट अ‍ॅक्टिव्हेट करून देतो' म्हणून जी क्रॅक केलेली प्रत घातली जाते, तिच्यासोबत काय काय आत शिरलं हे घेणाऱ्याला कळायला मार्ग नाही. त्याच लॅपटॉपवरून तो उद्या बँकेचं खातं उघडणार असतो.

अशा यंत्रांसाठी लिनक्स हा मला खरोखर चांगला मार्ग वाटतो. त्यातलं लिनक्स मिंट चार जीबी रॅमवर नीट चालतं, फुकट मिळतं, आणि त्याच्या २२ व्या आवृत्तीला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. पेनड्राइव्हवरून सुरू करून आधी बघताही येतं, हार्ड डिस्कला हात न लावता. वायफाय पकडतं का, आवाज येतो का, प्रिंटर बोलतो का, एवढं पाहून मग ठरवा. यंत्र नवं असो की जुनं, विंडोज ११ हवं असेल तर किमान आठ जीबी रॅम आणि एसएसडी बघा. कंपनी चार जीबी पुरे म्हणते, पण तेवढ्यात ते रखडत चालतं.

"एमएस-सीआयटी विंडोजवर केलं, मग लिनक्स कसं जमणार?"

जमतं. केरळने सरकारी शाळांतलं कॉम्प्युटर शिक्षण लिनक्सवर नेलं आणि २००८ पासून दहावीची आयटीची परीक्षाही त्यावरच घेतली. आपल्या खिशातल्या अँड्रॉइड फोनच्या मुळाशीही लिनक्सच आहे. फाइल, फोल्डर, कॉपी-पेस्ट सगळीकडे सारखंच. लिनक्सवरच्या लिब्रेऑफिसमध्ये वर्डची फाइल उघडते, फक्त तक्ते आणि मांडणी कधी कधी हलते, म्हणून कॉलेजात द्यायचं ते पीडीएफ करून द्यावं. अडचण खरी आहे ती वेगळीच : बिघडलं तर जवळपास लिनक्स जाणणारा माणूस सापडेल का? विंडोज दुरुस्त करणारा तालुक्याच्या गावी भेटतो. घरात कोणी शिकायला तयार नसेल, तर ही गोष्ट किमतीइतकीच महत्त्वाची आहे.

मराठी टायपिंगची भीती मात्र सोडून द्या. इनस्क्रिप्ट कीबोर्ड दोन्हीकडे एकच आहे. र साठी जे, ऱ साठी शिफ्ट धरून जे, हलन्तासाठी डी. रोमन अक्षरांतून मराठी उमटवायची सोय विंडोजमध्ये २०१९ पासून आहे, लिनक्सवरही ती बसवता येते. जुन्या कार्यालयाची फाइल उघडल्यावर अगम्य अक्षरं दिसतात, तो दोष कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टचा. फाइल युनिकोडमध्ये असेल तर कुठेही वाचता येते.

"लिनक्सला व्हायरस लागत नाही, विंडोजला अँटिव्हायरस विकतच घ्यावा लागतो."

दोन्ही अर्धवट. विंडोज १० आणि ११ मध्ये मायक्रोसॉफ्टचा डिफेंडर आधीपासून असतो, आणि तो चालू ठेवला तर घरच्या वापराला पुरतो. लिनक्सवर व्हायरस कमी, पण खोट्या लिंकवर ओटीपी देणाऱ्याला कुठलीच प्रणाली वाचवत नाही.

मॅकबद्दल थोडक्यात. ती प्रणाली फक्त अ‍ॅपलच्याच यंत्रांसाठी आहे, वस्तू टिकाऊ असते, पण महाग, आणि दुरुस्तीला शहर गाठावं लागतं. क्रोमबुकचं बरंचसं काम नेटवर चालतं. रेंजसाठी टेकाडावर चढावं लागतं अशा पाड्यावर मी ते घेऊ नका असंच सांगेन. आणि पावसाळ्यात लाइट जाते ती प्रणाली बघून जात नाही, म्हणून बॅटरी असलेला लॅपटॉपच बरा. डेस्कटॉप घेतलाच तर सोबत यूपीएस हवा.

आता नवा विंडोज लॅपटॉप घेणाऱ्यांसाठी. विंडोज ११ होम पहिल्यांदा सुरू करताना इंटरनेट आणि मायक्रोसॉफ्टचं खातं मागतं. गिऱ्हाइकाकडे ईमेल नसेल, तर तिथे दुकानातलाच एखादा ईमेल टाकला जाण्याचा धोका असतो. अनेक नव्या लॅपटॉपांवर डिस्क आपोआप कुलूपबंद होते आणि तिची ४८ आकडी किल्ली पहिल्यांदा टाकलेल्या खात्यातच जमा होते. पुढे दुरुस्तीनंतर लॅपटॉपने ती किल्ली मागितली आणि खातं दुसऱ्याचं निघालं, तर आतले फोटो, प्रकल्प, दाखल्यांच्या प्रती सगळं अडकतं. म्हणून ज्याचा लॅपटॉप त्याचाच ईमेल टाका, आणि त्याला रिचार्जअभावी बंद पडणारा नंबर न जोडता घरात कायम चालू राहणारा नंबर जोडा. किल्ली वहीत लिहून कागदपत्रांच्या पिशवीत ठेवा. आणि मोबाइलच्या हॉटस्पॉटवर लॅपटॉप चालवणार असाल, तर वायफायच्या सेटिंगमध्ये 'मीटर्ड कनेक्शन' चालू करा, नाहीतर दिवसाचा डेटा अपडेटमध्येच संपेल.