कोयनेचें पाणी आणि तासगांवचा बेदाणा

द्राक्षवेलीचा स्वभाव थोडासा विक्षिप्त आहे. मुळाशीं तिला पाणी हवें असतें. परंतु हवा दमट झाली, कीं केवडा आणि भुरी हे रोग तिला ग्रासतात. आकाश कोरडें व जमीन ओली, असा दुर्मिळ योग जुळला तरच ती सुखानें फळते. सांगली जिल्ह्याच्या पूर्वभागांत निसर्गानें हा योग अर्धाच जुळविला होता. तासगांव, कवठेमहांकाळ, जत ह्या तालुक्यांत पाऊस वर्षाकाठीं ५०० ते ६०० मिलिमीटर. हवा शुष्क, ऊन कडक. उरलेला अर्धा योग शंभरेक किलोमीटर पश्चिमेस, सह्याद्रीच्या कुशींत कोयनानगर येथें कोसळत असतो. तेथील वार्षिक पाऊस सुमारें ५००० मिलिमीटर!

महाबळेश्वरीं उगम पावणारी कोयना दक्षिणेकडे वाहत येऊन हेळवाकजवळ एकाएकीं पूर्वेस वळते आणि कऱ्हाडला कृष्णेस मिळते. ह्या वळणाच्या वरच्या अंगाला १०३ मीटर उंचीचें धरण बांधलें गेलें आणि १९६२ सालीं कोयनेची वीज प्रथम निर्माण झाली. शिवाजीसागर जलाशयांत सुमारें १०५ अब्ज घनफूट पाणी मावतें. परंतु त्यांतील मोठा वांटा पूर्वेकडे जातच नाहीं. १९७६ च्या बच्छावत निवाड्यानें ६७.५ अब्ज घनफूट पाणी विजेसाठीं पश्चिमेस वळविण्यास ठेविलें. तें बोगद्यांतून पोफळीकडे उतरतें, वीज देतें आणि वाशिष्ठीवाटे समुद्रास मिळतें. धरणाच्या पायथ्यांतून कृष्णेकडे सोडलेलें पाणी टेंभू, ताकारी व म्हैसाळ ह्या उपसा योजनांचे पंप उचलतात आणि दुष्काळी माळावर चढवितात. दिव्यासाठीं किती आणि वेलीसाठीं किती, हा तंटा म्हणूनच पाऊस उणा पडला कीं पुन्हा डोकें वर काढतो.

ह्या पाण्याची किंमत मात्र तिसऱ्यांनींच मोजली. जलाशयाखालीं ज्यांचीं घरें व शेतें गेलीं, तीं कुटुंबें सांगली, सोलापूर, ठाणें, रायगड अशीं दूरदूर विखुरलीं. कित्येकांच्या पुनर्वसनाचा प्रश्न अनेक दशकें रेंगाळला. ११ डिसेंबर १९६७ च्या पहांटे भूकंप झाला. सुमारें १८० माणसें दगावलीं. धरणास तडे गेले, तें टिकलें आणि पुढें अधिक बळकट करण्यांत आलें.

महाराष्ट्रास द्राक्ष नवें नाहीं. चौदाव्या शतकांतील प्रवासी इब्न बतूता यानें दौलताबादेस द्राक्षें पाहिलीं आणि तीं वर्षांतून दोनदां येतात असें नमूद केलें. उष्ण देशांत वेल विसावत नाहीं. म्हणूनच आजहि बागाईतदार एप्रिलांत खरड छाटणी व ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी अशा दोन छाटण्या करतो, मात्र पीक एकच घेतो. तासगांव तालुक्यांतील बोरगांवचे शेतकरी वसंतराव आरवे यांनीं थॉम्सन जातींतून निवडलेलें ‘तास-ए-गणेश’ हें वाण सर्वत्र पसरलें. नांवांतील ‘तास’ तासगांवचें, ‘ए’ आरव्यांचें आणि ‘गणेश’ अर्थातच तासगांवच्या दैवताचा.

पोर्तुगालमध्यें दोरू नदीच्या खोऱ्याची सीमा मद्यासाठीं १७५६ सालींच आंखली गेली. सांगलीसहि तसें कांहीं घडावें, अशी उमेद २००१ च्या शासकीय धोरणानें उत्पन्न केली. नाशिककडे विंचूर येथें व इकडे पलूस येथें वाइन उद्यानें योजण्यांत आलीं. नांव झालें तें नाशिकचें. सांगलीनें दुसरी वाट धरली, आणि ती शहाणपणाचीच म्हटली पाहिजे. वाइनला निराळ्या जाती, कारखाना व मोठें भांडवल लागतें. ताजें द्राक्ष चार दिवसांत विकलें नाहीं तर शेतकरी व्यापाऱ्याच्या हातीं सांपडतो. बेदाणा शीतगृहांत ठेवून भावाची वाट पाहतां येते. ‘बेदाणा’ हा शब्द फारशी. अर्थ, दाणा म्हणजे बी नसलेला. बियांच्या मनुकेशीं त्याची गल्लत करूं नये!

घड पोटॅशियम कार्बोनेट व एथिल ओलिएट यांच्या द्रावणांत बुडवून सावलीच्या शेडमध्यें जाळीच्या कप्प्यांवर पसरतात. द्रावणानें सालीवरील मेणाचा थर उघडतो आणि पंधरा-वीस दिवसांत चार किलो द्राक्षांचा सुमारें एक किलो बेदाणा होतो. सांगलीच्या बेदाण्यास २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें.

हा प्रदेश पाहूं इच्छिणाऱ्यानें एक अडचण आधींच ध्यानांत घ्यावी. कोयनानगरजवळचा ओझर्डे धबधबा खरा पाहावा तो पावसाळ्यांत. बेदाण्याचीं शेडें फुललेलीं दिसतात तीं फेब्रुवारी-मार्चांत. दोन्ही एका फेरींत साधत नाहींत. उन्हाळ्याच्या आरंभीं निघाल्यास कोयनानगरचें नेहरू उद्यान, तेथून कऱ्हाडचा प्रीतिसंगम, पुढें पलूसजवळ १९१० मध्यें वसलेली किर्लोस्करवाडी आणि शेवटीं तासगांव, असा मार्ग सोयीचा पडतो. तासगांवीं परशुरामभाऊ पटवर्धनांनीं बांधविलेलें गणपतीचें देऊळ आहे. त्याचें सात मजली गोपुर कर्नाटकाच्या स्वाऱ्यांची आठवण देतें. गणेशचतुर्थीच्या दुसऱ्या दिवशीं येथें रथोत्सव होतो.

देवळाबाहेर पडून माळाकडे वळलें, कीं शेडांच्या रांगा लागतात. मार्चांत एखाद्या दुपारीं पश्चिमेला ढग दिसला, तर तेथील माणसें हातांतलें काम टाकून शेडाच्या बाजूंचे पडदे सोडूं लागतात.