बारगीर, शिलेदार, पेंढारी : काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

नीरा, कऱ्हा आणि भीमा या नद्यांच्या काठी वसलेल्या बारामती व इंदापूर या मुलुखाचा इतिहास जो कोणी बखरींतून आणि जुन्या दप्तरांतून वाचू लागेल, त्यास पहिली अडचण पडते ती शब्दांची; कारण ज्या शब्दांच्या योगे त्या काळचा कारकून हत्यारबंद माणसांचे प्रकार काटेकोरपणे वेगळे नोंदवीत असे, ते सर्व शब्द आज आपण ‘शूर सैनिक’ किंवा ‘लुटारू’ या दोनच अर्थांनी वाचतो. वस्तुतः घोडा आणि हत्यार कोणाचे, वेतन कोण देतो आणि हुकूम कोणाचा चालतो, या तीन प्रश्नांची उत्तरे त्या प्रत्येक शब्दात साठविलेली आहेत. ती ध्यानात न घेतल्यामुळे रूढ झालेल्या काही समजुतींचा येथे परामर्श घ्यावयाचा आहे.

गैरसमज : शिवकालातील प्रत्येक शिपाई म्हणजे मावळा.

वस्तुस्थिती : मावळा हा शब्द मुळात प्रदेशवाचक आहे. पुण्याच्या पश्चिमेस सह्याद्रीच्या कुशीत जी बारा मावळांची खोरी आहेत, तेथील पायदळाच्या शिपायास तो लावीत, आणि कोकणातील बंदूकधारी प्यादा त्याच फौजेत हेटकरी म्हणून निराळा ओळखला जाई. बारामती-इंदापूर हा मात्र उघड्या माळांचा देश, आणि येथील युद्धसाधन घोडा. भीमेकाठचा मुलूख म्हणून या टापूस भीमथडी म्हणत. इंग्रजी अमदानीत याच नावाचा तालुका होता, आणि भीमथडीची तट्टे अंगाने लहान परंतु काटक म्हणून ख्यातनाम होती. सतराव्या शतकाच्या आरंभी निजामशाहीच्या चाकरीत असता जे इंदापूर येथे लढाईत पडले, त्या मालोजीराजे भोसल्यांचा पराक्रम हा याच घोडदळाच्या परंपरेतला होय. तेव्हा या भागातील प्रत्येक जुन्या लढवय्यास मावळा म्हटल्याने त्याचा गौरव होत नाही, उलट त्याची खरी ओळख तेवढी पुसली जाते.

गैरसमज : बारगीर म्हणजे शिस्त नसलेला लुटारू, आणि शिलेदार म्हणजे सरकारी पगारी स्वार.

वस्तुस्थिती : खरा प्रकार जवळजवळ याच्या उलट आहे. बारगिराचा घोडा सरकारी पागेतला, त्याला ठरीव वेतन सरकारातून, आणि त्याच्यावर पागेचा थेट हुकूम. सभासदाच्या बखरीत या पागेची रचनाच दिलेली आहे : 25 बारगिरांवर एक हवालदार, 5 हवालदारांवर एक जुमलेदार, आणि दर 25 बारगिरांमागे पखाली व नालबंद. शिलेदार मात्र स्वतःचा घोडा आणि स्वतःचे हत्यार घेऊन चाकरीस येई. घोडा मेला तर तोटा त्याचा, म्हणून ऐन रणात जनावराची चिंता वाहणे त्यास भाग पडे, आणि शिवाजी महाराजांनी पागा प्रबळ ठेवून शिलेदार तिच्या आज्ञेत राहावेत अशी व्यवस्था केली ती याच विचाराने. 1742 ते 1751 या काळात नागपूरकर भोसल्यांच्या फौजा बंगालवर चालून गेल्या, तेव्हा तेथील प्रजेने सर्वच मराठी स्वारांना ‘बर्गी’ हे एकच नाव दिले, आणि त्या दुःखद स्मृतीमुळे फौजेतील सर्वांत नियमबद्ध स्वाराचे नाव लुटीचा पर्याय होऊन बसले. बंगाली रयतेने सोसलेला जाच खरा आहे. परंतु त्यावरून शब्दाचा मूळ अर्थ ठरविणे युक्त नव्हे.

गैरसमज : पेंढारी ही एक जात होती, आणि पेशवाईची फौज म्हणजे पेंढाऱ्यांचाच जमाव.

वस्तुस्थिती : पेंढारी हा धंदा होता, त्यात मुसलमान होते, तसेच नाना जातींचे हिंदूही होते. घोडा त्यांचा स्वतःचा, वेतन काही नाही. फौजेबरोबर राहून लूट करण्याची मुभा हाच त्यांचा मोबदला. शिंदेशाही आणि होळकरशाही असे त्यांचे दोन प्रमुख वर्ग होते. मराठी फौजांबरोबर ते वावरत हे नाकारण्यात अर्थ नाही, तथापि चाकरमान्या स्वारांत त्यांची गणना होत नसे. पुढे चितू, करीमखान आदी त्यांचे म्होरके नर्मदेच्या खोऱ्यात प्रबळ झाले, आणि 1817-18 मध्ये इंग्रजांनी त्यांचा बंदोबस्त करण्याच्या मोहिमेतच मराठी सत्तेचाही शेवट केला. तेव्हापासून इंग्रजी लिखाणात या दोहोंची सरमिसळ झाली आणि ती आपण फारशी न तपासता स्वीकारली.

गैरसमज : गनिमी कावा म्हणजे दगाबाजी, आणि ‘गुरिल्ला’ हा शब्द ‘गनिमी’चाच अपभ्रंश.

वस्तुस्थिती : गनीम म्हणजे शत्रू, ‘गुरिल्ला’ हा शब्द स्पॅनिश असून त्याचा अर्थ ‘लहान युद्ध’ असा आहे, आणि नेपोलियनच्या फौजांविरुद्ध 1808 पासून स्पेनमध्ये जो लढा झाला त्यातून तो जगभर पसरला. दोहोंत ध्वनीचे साम्य आहे, नाते नाही. शत्रूची रसद तोडणे, त्यास अडचणीच्या जागी ओढणे आणि आपले बळ राखणे ही गणिताने लढण्याची विद्या आहे. 1624 साली भातवडीच्या रणात, जेथे शहाजीराजेही लढले, मलिक अंबरने तलावाचे पाणी सोडून मोगल-आदिलशाही फौजेची वाट चिखलाने रोखली, हे तिचेच उदाहरण होय.

गैरसमज : रामोशी म्हणजे जन्मजात दरोडेखोर.

वस्तुस्थिती : पुणे प्रांतात गावाची रखवाली आणि किल्ल्यांचे पहारे हे रामोशांचे वंशपरंपरागत काम होते, आणि त्याबद्दल त्यांचे हक्क ठरलेले असत. उमाजी नाईकांचे घराणे पुरंदर किल्ल्याच्या रखवालीचे. कंपनी सरकारने हे हक्क हिरावल्यावर उमाजींनी बंड मांडले, मध्यंतरी त्याच सरकारने त्यांना माफी देऊन बंदोबस्ताच्या चाकरीत घेतले, आणि अखेर 3 फेब्रुवारी 1832 रोजी पुण्यात फाशी दिले. एकच पुरुष रखवालदार, बंडखोर आणि सरकारी चाकर होऊ शकतो, तर त्याच्या समग्र समाजास एक दूषण चिकटविणे हा उघड अन्याय आहे. येथे आणखी एक भेद सांगणे अवश्य आहे. 12 मे 1875 रोजी आजच्या बारामती तालुक्यातील सुपे येथे कर्जबाजारी कुणब्यांनी सावकारांचे दस्तऐवज हस्तगत करून जाळले, तो दंगा होता. 1879 मध्ये वासुदेव बळवंत फडक्यांनी रामोशांना हाताशी धरून उभे केले ते बंड होते. पहिल्यात फौज नव्हती, दुसऱ्यात हत्यारबंद तुकडी आणि तिचा नायक होता.

आज गावोगावी ग्रामेतिहास लिहिले जात आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. ते लिहिणाऱ्या बारामती-इंदापूरच्या शिक्षकांना आणि अभ्यासकांना एवढीच विनंती की, कागदात शिलेदार असेल तर शिलेदारच लिहावे, बारगीर असेल तर बारगीर, रामोशी असेल तर रामोशी. आणि कोणासही वीर किंवा लुटारू ठरविण्यापूर्वी त्याचा घोडा कोणाचा होता, त्यास वेतन कोण देत होते आणि तो कोणाच्या हुकुमात होता, हे प्रश्न त्या कागदास अवश्य विचारावेत.