तराजूची खोली

रसायनशास्त्राच्या जुन्या प्रयोगशाळेला लागून एक लहानशी खोली असायची. तिला पंखा नाही, खिडकी कायम बंद. भिंतीत पक्की बसवलेली एक दगडी फळी आणि तिच्यावर काचेच्या पेटीत तराजू. मिलिग्रॅमच्या दहाव्या भागापर्यंत तोलणारा. बीएस्सीला असताना मी एकदा आमच्या लॅब अटेंडंट मामांना विचारले होते, टेबल असताना ही फळी कशाला? मामा म्हणाले, ‘तुम्ही तीस पोरं चालता ना, त्यानं टेबल हलतं. भिंत हलत नाही.’

विज्ञानाची इमारत कशी बांधावी, याचे निम्मे शास्त्र त्या फळीत आहे. आत काय चालणार ते आधी ठरवायचे, भिंतींचे मग पाहायचे. आपल्याकडे बहुधा उलटे होते. आधी दर्शनी भाग ठरतो, मग निविदा निघते, आणि रसायनशास्त्राच्या विभागप्रमुखांना बोलावणे जाते ते स्लॅब पडल्यावर.

छत्रपती संभाजीनगरात विज्ञानाच्या इमारतींचा विषय जुना आहे. मराठवाडा निजामाच्या राज्यात असताना इथे इंटरपर्यंतच कॉलेज होते. पदवीसाठी हैदराबाद गाठायचे. तिथे 1918 पासून उस्मानिया विद्यापीठ होते आणि त्याचे माध्यम होते उर्दू. घरी मराठी बोलणाऱ्या मुलाने पदार्थविज्ञान उर्दूतून शिकायचे, म्हणजे प्रयोगाच्या आधी शब्दांशीच झटापट.

1942 च्या ऑक्टोबरमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते. त्यांनी लॉर्ड लिनलिथगो यांना अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे एक निवेदन दिले. त्यात त्यांचे म्हणणे असे की कला आणि कायद्याचे शिक्षण या समाजाला फारसे उपयोगी पडणार नाही. तारेल ते विज्ञान आणि तंत्रज्ञानाचे उच्च शिक्षण. म्हणणारा माणूस स्वतः अर्थशास्त्रज्ञ आणि बॅरिस्टर. आणि हे शिक्षण महाग असते, एकट्या समाजाच्या ऐपतीतले नसते, म्हणून सरकारने भार उचलावा, ही त्यामागची मागणी. तीन वर्षांनी त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली. 1950 मध्ये सोसायटीचे कॉलेज औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, सुरू झाले आणि 1 सप्टेंबर 1951 रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली. कॉलेज पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून आणि परिसर नागसेनवन म्हणून ओळखला जाऊ लागला. मिलिंद हा भिक्खू नागसेनाला प्रश्न विचारणारा राजा. उत्तर देणाऱ्याच्या जोडीला प्रश्न विचारणाऱ्याचेही नाव लावणे, विज्ञान शिकवणाऱ्या जागेला याहून शोभेल असे काही मला सुचत नाही. पुढे विज्ञानासाठी मिलिंदचे स्वतंत्र महाविद्यालयही झाले.

बाबासाहेबांना बांधकामाची हौस होती. दादरच्या हिंदू कॉलनीतले राजगृह त्यांनी आपली पुस्तके डोळ्यांपुढे ठेवून बांधले. हीसुद्धा तराजूच्या खोलीचीच रीत.

मग 23 ऑगस्ट 1958 रोजी मराठवाडा विद्यापीठ सुरू झाले. उद्घाटनाला पंडित नेहरू, पहिले कुलगुरू डोंगरकेरी. जागा मिळाली ती डोंगराच्या पायथ्याची. पाठीशी बौद्ध लेणी आणि पायाखाली लेण्यांचाच काळा बसाल्ट. बांधणाऱ्याच्या दृष्टीने हे भाग्यच. सखल भागातली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वरच्या भिंतींनाही भेगा पाडते. तिथे कठीण मुरूम लागेपर्यंत खोदत जावे लागते. डोंगराकडे खडक वरच भेटतो. खोदायला जड, पण पुढे कंपनांची काळजी कमी.

पाया सोपा, तर वरचे अवघड. प्रयोगशाळेतला विषारी वायू ओढून नेणारा फ्यूम हूड घ्या. त्याच्या तोंडाशी हवा सेकंदाला साधारण अर्धा मीटर वेगाने आत जावी लागते आणि थेट गच्चीच्या वर सुटावी लागते. त्यासाठी प्रत्येक मजल्यातून उभी पोकळी हवी. ती नकाशात नसली की नवी कोरी स्लॅब फोडावी लागते, नाहीतर पाइप खिडकीतून काढून खालच्या वर्गाला हायड्रोजन सल्फाइडचा, म्हणजे सडक्या अंड्यांचा, वास द्यावा लागतो. सिंकमधून आम्ल जाते, तेव्हा लोखंडी नळ चालत नाही. ओट्याच्या सांध्यातले सिमेंटही आम्ल खातेच.

आणि पाणी! एक लिटर पाण्याचे ऊर्ध्वपातन करायचे तर वाफ थंड करण्यात त्याच्या कितीतरी पट पाणी वाहून जाते. इथे पैठणच्या जायकवाडीतून आलेले पाणी नळाला काही दिवसांआड येते. हे थंड करणारे पाणी पुन्हा टाकीत फिरवून आणायची सोय पहिल्याच नकाशात हवी. ती नंतर जोडलेली मी पाहिली आहे: जिन्यातून लोंबणारी हिरवी नळी आणि तिच्या खाली बादली.

विद्यापीठाचे प्रवेशद्वार सगळा महाराष्ट्र ओळखतो. त्यामागे नामांतराचा लढा आहे. 14 जानेवारी 1994 ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ हे नाव मिळाले, आणि त्या तारखेला दरवर्षी तिथे माणसांची रीघ लागते. रसायनशास्त्राच्या इमारतीपुढे फोटो काढताना मात्र मी कुणाला पाहिले नाही. तक्रार नाही. पण 1942 चे ते निवेदन अशाच इमारतींसाठी होते.

तिकडे हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडियाची गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा होणार आहे. एप्रिल 2023 मध्ये केंद्राने तिला मंजुरी दिली, खर्च 2600 कोटींचा. काटकोनात चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, आणि त्यांच्या लांबीत मोजायचा तो प्रोटॉनच्या हजाराव्या भागाहूनही सूक्ष्म फरक. जमीन निवडताना पाहिले ते हेच, की ती किती शांत आहे. आमच्या तराजूच्या खोलीचा हा थोरला भाऊ म्हणायचा.

विज्ञानाची नवी इमारत बांधायला काढणाऱ्यांना एवढीच विनंती: पहिल्या बैठकीला आर्किटेक्टच्या शेजारी एक खुर्ची लॅब अटेंडंटसाठी ठेवा, आणि नकाशावर सही करायच्या आधी त्याला विचारा, तराजू कुठे ठेवायचा?