नाव टेन्शनचं, काम दाबाचं : भिंतीला भोक न पाडता बसणारा रॉड नेमकं किती वजन पेलतो?

ड्रिल नको, खिळा नको, घरमालकाची कटकट नको. म्हणून भाड्याच्या घरात टेन्शन रॉड लावले जातात. पण तो पडतो का, कुठे लावावा आणि कुठे अजिबात लावू नये, हे बॉक्सवर लिहिलेलं नसतं.

पावसाळ्यात घरात कपडे वाळत घातले आणि मध्यरात्री सगळं धाडकन खाली आलं, हा अनुभव बऱ्याच घरांत आहे. दोष अर्थातच रॉडच्या 'क्वालिटी'ला जातो. उचलून पाहिलं तर रॉड मोडलेला नसतो, बहुतेकदा वाकलेलाही नसतो. तो फक्त घसरलेला असतो. तो का घसरला हे कळलं, तर काहीशे रुपयांची ही दांडी वर्षानुवर्षं चालते.

भाड्याच्या घरात भोक एवढं महाग का?

महाराष्ट्रात घर भाड्याने घेताना साधारण ११ महिन्यांचा 'लिव्ह अँड लायसन्स' करार होतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९च्या कलम ५५नुसार तो लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो. घर जसं घेतलं तसं परत द्यायचं, अशा अर्थाचं कलम या करारांत बहुतेक वेळा असतंच. भिंतीतलं भोक पुट्टी भरून लपतं. बाथरूमच्या टाइलमधलं लपत नाही आणि चार-पाच वर्षं जुन्या टाइलच्या जोडीची टाइल बाजारात मिळेलच असं नाही. वाद तिथे सुरू होतो आणि हिशेब डिपॉझिटमधून होतो.

रॉड टिकतो कशावर?

जुन्या घरांत खिडकीच्या खालच्या अर्ध्या भागाला पडदा असायचा. तो ज्या स्प्रिंगच्या तारेवर असायचा, ती आठवून पाहा. दोन बाजूंना दोन हुक ठोकायचे आणि तार ताणून अडकवायची. ती तार भिंतींना आत ओढते, म्हणून तिला हुक लागतात. टेन्शन रॉडचं काम बरोबर उलटं आहे. त्याच्या आतली स्प्रिंग किंवा स्क्रू दोन्ही टोकांना बाहेर ढकलतो. म्हणजे रॉड ताणलेला नसतो, दाबलेला असतो. इंजिनीअरिंगच्या भाषेत हे 'टेन्शन' नसून 'कॉम्प्रेशन' आहे. नाव चुकीचं पडलं आणि तेच रूढ झालं.

आता हा दाब आडवा आहे आणि पडद्याचं वजन खाली ओढतंय. आडवा दाब वजन थेट उचलू शकत नाही. दाबामुळे रबरी टोक आणि भिंत यांच्यात जे घर्षण तयार होतं, ते वजन पेलतं. सगळा डोलारा दोन रुपयांएवढ्या गोल रबरावर उभा असतो.

थोडं गणित करू. रॉडच्या मध्यभागी ४ किलो वजन लावलं, तर प्रत्येक टोकावर २ किलो येतं. कोरड्या भिंतीवर घर्षणाचा गुणांक ०.५ धरला, तर रॉडने भिंतीला किमान ४ किलोच्या जोराने ढकललं पाहिजे. तीच टाइल साबणाच्या पाण्याने ओली झाली आणि गुणांक ०.२वर आला, तर त्याच वजनासाठी १० किलोचा जोर लागेल. रॉड तोच, वजन तेच, फक्त भिंत ओली झाली.

दुसरी गोम वजन कुठे लावलं यात आहे. सगळे हँगर एका बाजूला सरकवले आणि वजन एका टोकापासून पाव अंतरावर आलं, तर त्या टोकावर तीन चतुर्थांश भार पडतो. पडदा पूर्ण एका बाजूला सारल्यावर रॉड सुटतो तो यामुळे.

बॉक्सवरचं वजन खरं मानायचं का?

अर्धवट. तो आकडा बऱ्याचदा रॉड सर्वात कमी लांबीवर असतानाचा असतो. एकूण वजन तेवढंच ठेवून लांबी दुप्पट केली, तर मध्यभागी येणारा झोल दुप्पट नाही, आठपट होतो. झोल आला की टोकं तिरकी होतात आणि रबराचा पूर्ण गोल भिंतीला टेकण्याऐवजी फक्त एक कड टेकते. शिवाय रॉड जेवढा जास्त बाहेर ओढाल, तेवढी आतली बारीक नळी बाहेरच्या नळीत कमी अंतर राहते. तो सांधा कमकुवत होतो.

म्हणून ७० ते १२० सेंटिमीटर असा रॉड असेल, तर तो ११८ सेंटिमीटरच्या जागेसाठी घेऊ नये. आपलं माप त्या पल्ल्याच्या मध्याजवळ येईल असा रॉड निवडावा.

आणि वजनाचा अंदाज कोरड्या कपड्यांवरून बांधू नये. हाताने पिळलेली जीन्स सहज दीड किलो भरते, जाड टॉवेल किलोच्या आसपास. चार जीन्स आणि दोन टॉवेल म्हणजे आठ किलो. जुलैतल्या त्या धाडकन आवाजामागे बहुधा हेच असतं.

भिंत कोणती, हे जास्त महत्त्वाचं

सिमेंटचा गिलावा आणि त्यावर पक्का रंग, किंवा ग्रॅनाइट-मार्बलची चौकट, ही चांगली जागा. डिस्टेंपरवर हात फिरवल्यावर पांढरी पूड लागत असेल, तर रबर भिंतीला नाही, त्या पुडीला धरून बसतं आणि पुडीसकट सरकतं. ओल्या फडक्याने तेवढा गोल पुसून, वाळवून मगच रॉड लावावा. जिप्सम बोर्डाचं पार्टिशन आतून पोकळ असतं, तिथे जोर दिला की बोर्ड दबतो. स्लायडिंग खिडकीच्या ॲल्युमिनियमच्या चौकटीत रॉड घट्ट केला, तर पट्टी वाकते आणि खिडकी अडकायला लागते. टाइलवर लावणार असाल, तर आधी बोटाने ठोकून पाहावं. पोकळ आवाज आला, तर ती टाइल सोडून द्यावी.

बसवायचा कसा?

जागेचं आतलं माप जिथे रॉड बसणार त्याच उंचीवर घ्यावं, कारण भिंती वर-खाली सारख्या अंतरावर असतातच असं नाही. स्प्रिंगचा रॉड जागेपेक्षा दोन-तीन सेंटिमीटर जास्त लांब करून, मग दाबून आत बसवायचा असतो. अनेक जण तो जागेवर नेऊन तिथेच फिरवत बसतात. त्याने स्प्रिंग दबतच नाही, रॉड नुसता टेकलेला राहतो. स्क्रूचा रॉड मात्र जागेवरच फिरवून घट्ट करायचा. त्यात जोर खूप जास्त तयार होतो, म्हणून वजन जास्त पेलतो आणि टाइल तडकवण्याचीही ताकद त्याच्यातच असते.

रॉड सरळ आहे का, हे फोनमधल्या लेव्हलच्या ॲपने तपासता येतं. मग खरी परीक्षा. एक लिटर पाण्याची बाटली म्हणजे एक किलो. जेवढं वजन लावायचं आहे त्याच्या दुप्पट बाटल्या पिशवीत भरून रात्रभर लटकवाव्यात आणि दोन्ही टोकांखाली पेन्सिलने बारीक खूण करावी. सकाळी टोक खुणेच्या खाली गेलं असेल, तर त्या भिंतीवर तेवढं वजन नको. रबर दाबाखाली हळूहळू बसतं आणि जोर कमी होतो, त्यामुळे पहिल्या काही आठवड्यांनी रॉड पुन्हा एकदा घट्ट करावाच लागतो.

याचा उत्तम उपयोग कुठे?

जिथे वजन कमी आणि लांबी कमी, तिथे हा रॉड अप्रतिम आहे. ओट्याखाली ट्रॉली नसेल तर तिथला पडदा. सिंकखाली आडवा रॉड लावून त्यावर स्प्रेच्या बाटल्या त्यांच्या खटक्यावर अडकवल्या, की खालची फरशी पुसायला मोकळी होते. कपाटात ताटं आणि झाकणं उभी ठेवायला दोन छोटे रॉड पुरतात. बाथरूममध्ये ओला-सुका भाग वेगळा करणारा पातळ पडदाही चालतो.

छताला आणि जमिनीला टेकणारा उभा खांब हा याचाच भाऊ, पण त्याचं गणित सोपं आहे. तिथे वजन थेट जमिनीवर जातं. वरच्या टोकाने फक्त खांब आडवा पडू द्यायचा नसतो. जपानमध्ये भूकंपात कपाट पुढे कोसळू नये म्हणून कपाट आणि छत यांच्यामध्ये असे खांब लावतात. तिथे त्यांना 'त्सुप्पारी-बो' म्हणतात.

इथे मात्र लावूच नका

बाथरूममध्ये आजी-आजोबांना धरायला म्हणून. ओल्या फरशीवर पाय घसरलेला माणूस हाताला येईल ते पूर्ण वजनानिशी पकडतो आणि टेन्शन रॉड त्याच्यासह खाली येतो. आधाराचा दांडा भिंतीत ड्रिल करूनच बसवायला हवा. इथे घरमालकाची परवानगी मागावी, रॉडवर भागवू नये. पडद्याचा रॉडही कमोडजवळ हाताशी येईल असा नसावा.

बाळाची झोळी किंवा पाळणा, कधीच नाही. झोक्यामुळे वजन दोन्ही बाजूंना हलतं आणि प्रत्येक हेलकाव्याला रबर थोडं थोडं सरकतं.

दारात लावायचा व्यायामाचा बार दिसायला असाच असतो. ७० किलोच्या माणसाने नुसतं लटकायचं म्हटलं, तरी ०.५ गुणांक धरून बारने चौकटीला दोन्हीकडे ७० किलोच्या जोराने ढकलायला हवं. झटका दिला की त्याहून बरंच जास्त. म्हणून अशा बारसोबत चौकटीला स्क्रूने बसवायच्या वाट्या येत असतील, तर त्या लावाव्यात. 'भोक नको' म्हणून त्या डब्यातच ठेवू नयेत.

गॅसच्या शेगडीवर मसाल्याच्या बरण्या टांगायला नको, बाल्कनीच्या कठड्याबाहेर कुंडी टांगायलाही नको. तिथे पडलेली वस्तू आपल्या घरात पडत नाही.

घर सोडताना

भोक नाही म्हणजे खूण नाही, असं समजू नये. वर्षभर दाबून बसलेलं रबर हलक्या रंगाच्या भिंतीवर पिवळट किंवा काळसर गोल सोडू शकतं. दुहेरी टेपने चिकटवायच्या वाट्या निघताना रंगाची पापडी घेऊन येतात. त्यामुळे निवड असेल तर रॉड रंगावर न लावता टाइल, दगड किंवा लाकडी चौकटीवर लावावा. काढताना आधी त्यावरचं सगळं उतरवावं, रॉड मधोमध धरावा आणि सैल करावा. एक टोक ओढून काढलं, तर दुसरं टोक भिंतीवर खरवडत खाली येतं आणि तो ओरखडा पुसून जात नाही.